शालेय यंत्रमानव स्पर्धा : आयोजन आणि परीक्षण

विज्ञान प्रदर्शन हे आपल्या शालेय जीवनाचे जुने व परिचित अंग आहे. त्याच्या जोडीला गेल्या काही वर्षांत यंत्रमानवांच्या, म्हणजेच विद्यार्थ्यांच्या बोलीतील 'रोबो'च्या स्पर्धा आल्या आहेत आणि त्या आता महानगरांपुरत्या मर्यादित राहिलेल्या नाहीत. नीती आयोगाच्या वतीने २०१६ साली अटल नवोन्मेष अभियान सुरू झाले. या अभियानाखाली इयत्ता सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी देशभर सुमारे १० हजार शाळांतून अटल टिंकरिंग प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. निवड झालेल्या शाळेस त्यासाठी २० लाख रुपयांपर्यंत अनुदान देण्याची तरतूद होती. २०२५-२६च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पुढील पाच वर्षांत शासकीय शाळांमध्ये अशा ५० हजार प्रयोगशाळा स्थापन करण्याची घोषणा करण्यात आली. साहजिकच तालुका व जिल्हा पातळीवरील स्पर्धांची संख्याही वाढत जाणार आहे.

स्पर्धा भरविणे सोपे आहे. ती न्याय्य रीतीने पार पाडणे कठीण आहे. विद्यार्थी दोन-तीन महिने खपून यंत्र तयार करतात, दूरवरून प्रवास करून स्पर्धास्थळी येतात आणि अडीच मिनिटांच्या एका फेरीत त्यांच्या श्रमांचा निकाल लागतो. निकालानंतर एखाद्या संघाने "आमचे नेमके काय कमी पडले?" असे विचारले आणि आयोजकांपाशी त्याचे उत्तर नसले, तर त्या विद्यार्थ्यांची स्पर्धेवरील श्रद्धा उडते. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, 'यंत्रविद्या आपल्यासारख्यांसाठी नाही' अशी समजूत घेऊन ती मुले घरी परततात. म्हणून या स्पर्धांचे आयोजन आणि परीक्षण शास्त्रशुद्ध पायावर कसे आणता येईल याचा विचार शिक्षकांनी, अधिकाऱ्यांनी आणि पंचायत सदस्यांनी अगत्याने करावयास हवा.

स्पर्धांची परंपरा

'रोबो' हा शब्द कारेल चापेक या चेक नाटककाराच्या १९२० साली प्रसिद्ध झालेल्या नाटकातून जगभर पसरला. परंतु विद्यार्थ्यांनी स्वतः यंत्रे घडवून ती स्पर्धेत उतरविण्याच्या कल्पनेस खरे बळ मिळाले ते अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेत. तेथील प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स यांनी १९७०नंतरच्या दशकात यंत्ररचनेच्या अभ्यासक्रमाला स्पर्धेचे रूप दिले. प्रत्येक विद्यार्थ्यास सारख्याच किरकोळ साहित्याचा संच द्यावयाचा आणि त्यातून ठरलेले काम करणारे यंत्र बनवावयास सांगावयाचे, अशी ही पद्धत होती. साहित्य सर्वांना समान असल्यामुळे फरक पडे तो केवळ विचाराचा आणि हस्तकौशल्याचा.

पुढे १९८९ साली डीन केमन यांनी 'फर्स्ट' ही संस्था स्थापन केली. तिची पहिली शालेय स्पर्धा १९९२ साली न्यू हॅम्पशायर राज्यातील एका शाळेच्या व्यायामशाळेत झाली. तीत २८ संघ उतरले होते. आशिया व पॅसिफिक विभागातील प्रसारण संघटनेने महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी २००२ साली टोकियो येथून 'रोबोकॉन' स्पर्धेचा प्रारंभ केला, तर २००४ साली सिंगापूर येथून जागतिक रोबो ऑलिंपियाड सुरू झाले. 'रोबोकॉन'शी महाराष्ट्राचे नाते जवळचे आहे. या स्पर्धेचा आंतरराष्ट्रीय सोहळा २००८ आणि २०१४ अशा दोन वर्षी पुण्यात झाला. २००८च्या स्पर्धेचा विषयच मुळी गोविंदा आणि दहीहंडी हा होता. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने 'ई-यंत्र' या उपक्रमाखाली २०१२पासून स्पर्धा घेण्यास सुरुवात केली. तिच्यात निवड झालेल्या संघांकडे यंत्रमानवाचा संच थेट पाठविण्याची पद्धत ठेवण्यात आली, त्यामुळे साधनसंपन्न आणि साधनहीन महाविद्यालयांतील अंतर बरेच कमी झाले.

या साऱ्या अनुभवांतून तीन गोष्टी स्पष्ट होतात. एक, साहित्यात शक्य तितकी समानता असावी. दोन, काम दरवर्षी नवे असावे, म्हणजे मागील वर्षीचे यंत्र तसेच्या तसे उतरविता येत नाही. तीन, केवळ मैदानावरील गुणांवर निकाल अवलंबून नसावा.

परीक्षा कशाची?

कोणत्याही स्पर्धेच्या आयोजकांनी सर्वप्रथम स्वतःस एक प्रश्न विचारला पाहिजे. परीक्षा यंत्राची घ्यावयाची आहे की विद्यार्थ्यांची? यंत्राची परीक्षा मैदानावर होते. ठोकळा उचलला किंवा नाही, रेषा सुटली किंवा नाही, हे सर्वांच्या डोळ्यांसमोर घडते. परंतु यंत्र चांगले चालले म्हणजे ते विद्यार्थ्यांनीच समजून बनविले असा अर्थ होत नाही, आणि ऐनवेळी एक तार निसटली म्हणून त्यांचे ज्ञान कमी ठरत नाही. 'फर्स्ट' संस्थेच्या लेगो लीग या शालेय स्पर्धेच्या अलीकडच्या हंगामांत यासाठी चार अंगे ठरविण्यात आली : मैदानावरील कामगिरी, यंत्राची रचना, एखाद्या सामाजिक प्रश्नावरील प्रकल्प आणि संघवृत्ती. या चारही अंगांना सारखे महत्त्व देण्यात आले.

तालुका पातळीवरील स्पर्धेसाठी इतका विस्तार आवश्यक नाही. १०० गुणांपैकी ४० गुण मैदानावरील कामगिरीस, ३० गुण रचना व संगणकीय आज्ञावली यांवरील मुलाखतीस, २० गुण कार्यवहीस आणि १० गुण संघवृत्तीस, अशी विभागणी सोयीची ठरेल. कार्यवही म्हणजे यंत्र घडविताना संघाने ठेवलेली दैनंदिन नोंद. कोणत्या दिवशी काय करून पाहिले, ते का फसले, पुढे काय बदलले हे तीत असावे. छापील रंगीत पुस्तिका करण्यास मज्जाव करून साध्या शाळेच्या वहीतील हस्तलिखित नोंदच ग्राह्य धरावी. त्यामुळे खर्च वाचतो आणि कोणाचा हात किती लागला आहे तेही कळते.

गुणांची ही विभागणी स्पर्धेच्या दिवशी जाहीर करून उपयोग नाही. ती नियमपुस्तिकेतच छापली गेली पाहिजे, म्हणजे कशासाठी किती श्रम घ्यावयाचे हे संघांना आरंभापासून ठाऊक राहील.

नियमपुस्तिका

स्पर्धेतील बहुतेक तंटे पंचांच्या पक्षपातामुळे नव्हे, तर नियमांतील मोघमपणामुळे उद्भवतात. 'ठोकळा चौकोनात ठेवल्यास १० गुण' हे वाक्य वरवर पाहता स्पष्ट वाटते. पण ठोकळा निम्मा आत आणि निम्मा बाहेर राहिला तर? तो चौकोनात आहे, पण यंत्राने अजून धरून ठेवला आहे, तर? आत ठेवला आणि परतताना यंत्राच्याच धक्क्याने बाहेर गेला, तर? या प्रश्नांची उत्तरे नियमातच हवीत. 'फेरी संपल्याची शिट्टी झाल्यावर, यंत्राचा स्पर्श नसलेला ठोकळा रेषेसह संपूर्णपणे चौकोनाच्या आत असेल तर १० गुण, अंशतः आत असेल तर ५ गुण' असे लिहिले की वादास जागा उरत नाही. नियम तयार झाल्यावर स्पर्धेशी संबंध नसलेल्या दोन शिक्षकांना तो स्वतंत्रपणे वाचावयास द्यावा आणि एकाच स्थितीला दोघेही तेवढेच गुण देतात का ते पाहावे. उत्तरे निराळी आली तर नियम दुरुस्त करावा.

नियमपुस्तिका स्पर्धेपूर्वी किमान दहा आठवडे आधी आणि मराठीत प्रसिद्ध व्हावी. तीत मैदानाची मापे, रेषेची रुंदी, ठोकळ्यांचे आकार व वजन दिलेले असावे. एखाद्या शाळेने शंका विचारली तर तिचे उत्तर त्या एकाच शाळेस न कळविता सर्व नोंदणीकृत शाळांना एकाच वेळी कळवावे. शेवटच्या दोन आठवड्यांत कोणताही नियम बदलू नये.

संधीची समानता

यंत्रमानव स्पर्धेतील सर्वात मोठी विषमता पैशाची असते. एका शाळेकडे परदेशी बनावटीचे महागडे संच आणि पगारी प्रशिक्षक असतात, तर दुसऱ्या शाळेतील मुले जुन्या खेळण्यातील मोटारी, पुठ्ठा आणि स्वस्त नियंत्रक-पट्टी यांवर यंत्र उभे करतात. दोघांना एकाच तराजूत तोलणे ही समानता नव्हे. यावर तीन उपाय व्यवहार्य आहेत.

पहिला उपाय खर्चमर्यादेचा. यंत्रावरील एकूण साहित्याची किंमत ठरावीक रकमेपेक्षा अधिक असू नये, आणि जुने किंवा उसने साहित्यही बाजारभावाने त्यात धरावे, असा नियम करून प्रत्येक संघाकडून साहित्याची यादी घ्यावी. दुसरा उपाय समान संचाचा. ज्या शाळांत अटल प्रयोगशाळा आहेत त्यांनी आसपासच्या तीन-चार शाळांना आठवड्यातील एक दिवस खुला ठेवला आणि तालुक्याच्या ठिकाणी ग्रंथालयाप्रमाणे संच उसने देण्याची सोय झाली, तर नव्याने खरेदी न करताही बऱ्याच शाळांना भाग घेता येईल. तिसरा उपाय वर्गवारीचा. प्रथमच उतरणाऱ्या संघांसाठी स्वतंत्र पारितोषिक ठेवावे. पहिल्या वर्षी अनुभवी संघांपुढे हार खाऊन परत न येणाऱ्या शाळांचे प्रमाण त्यामुळे कमी होईल.

समानतेत मुलींच्या सहभागाचाही विचार आवश्यक आहे. मिश्र संघात बहुधा मुलगे यंत्र हाताळतात आणि मुलींकडे कार्यवही व सजावट सोपविली जाते, हे परीक्षकांनी लक्षात ठेवावे. मुलाखतीत प्रत्येक सदस्यास तांत्रिक प्रश्न विचारला जाईल, हे आधीच जाहीर केल्यास कामाची वाटणी शाळेतच सुधारते.

मैदानाची सिद्धता

यंत्रमानवाचे प्रकाश-संवेदक मैदानावरून परत येणारा प्रकाश मोजतात. काळी रेषा कमी प्रकाश परतविते व पांढरा पृष्ठभाग अधिक, या फरकावर यंत्र आपला मार्ग ठरविते. म्हणून खिडकीतून येणारे ऊन, वरचा पिवळा दिवा किंवा छायाचित्रकाराचा लखलखाट यांमुळे शाळेत बिनचूक चालणारे यंत्र स्पर्धेत भरकटू शकते. मैदान खिडकीपासून दूर ठेवावे, ऊन येत असल्यास पडदे लावावेत, फेरी चालू असताना लखलखाटाने छायाचित्रे घेण्यास बंदी करावी आणि प्रत्येक संघास सकाळी प्रत्यक्ष मैदानावर पाच मिनिटे संवेदकांची जुळणी करण्याची संधी द्यावी.

दोन टेबले वापरावयाची असतील तर ती एकसारखी आहेत याची खात्री करणे हे आयोजकांचे कर्तव्य आहे. गवंडी वापरतात त्या पाणसळीने टेबलाची सपाटी तपासावी, चटईच्या वळ्या आदल्या दिवशीच काढाव्यात आणि प्रत्येक संघास दोन्ही टेबलांवर किमान एक फेरी मिळेल अशी योजना करावी. अन्यथा 'आम्हाला वाईट टेबल मिळाले' ही तक्रार अटळ होय, आणि पुष्कळदा ती खरीही असते.

फेऱ्या किती असाव्यात?

एकाच फेरीवर निकाल लावणे म्हणजे नशिबाची परीक्षा घेणे होय. हे एका साध्या हिशेबाने पटेल. समजा, एका संघाचे यंत्र १० पैकी ७ वेळा काम पूर्ण करते आणि दुसऱ्याचे १० पैकी ३ वेळा. एकच फेरी घेतली तर चांगल्या संघाचे अपयशी ठरण्याची शक्यता शेकडा ३० इतकी मोठी राहते.

म्हणून तीन फेऱ्या घेऊन त्यांतील सर्वोत्तम फेरीचे गुण धरण्याचा प्रघात आहे. त्यामुळे चांगल्या संघावरील अन्याय निश्चितच टळतो. तीनपैकी एकदा तरी यशस्वी होण्याची त्याची शक्यता शेकडा ९७ होते. पण बेभरवशाच्या दुसऱ्या यंत्राचीही तशी शक्यता शेकडा ३०वरून ६६वर जाते. म्हणजे दोहोंमधील अंतर ४० वरून ३१ वर येते. याउलट, तीनपैकी उत्तम दोन फेऱ्यांची बेरीज धरली आणि दोन्ही फेऱ्यांत काम पूर्ण होण्याची शक्यता काढली, तर पहिल्या यंत्राबाबत ती शेकडा ७८ आणि दुसऱ्याबाबत शेकडा २२ इतकी येते. एका फेरीतील अपघात माफ होतो आणि तरीही भरवशाचे यंत्र व योगायोगाने चाललेले यंत्र यांतील फरक झाकला जात नाही. तालुका पातळीवर 'उत्तम दोन फेऱ्यांची बेरीज' हाच नियम अधिक योग्य ठरतो. बेरीज सारखी झाल्यास तिसऱ्या फेरीचे गुण पाहावेत, तेही सारखे असल्यास कमी वेळ घेणारा संघ वर धरावा.

दिवसाचे वेळापत्रक

स्पर्धा रेंगाळली की सर्वात मोठा फटका दूरच्या गावच्या संघांना बसतो. शेवटची एस.टी. गाठण्यासाठी त्यांना निकालापूर्वीच निघावे लागते. म्हणून वेळेचा हिशेब आधीच मांडावा. २४ संघ, प्रत्येकी ३ फेऱ्या, म्हणजे ७२ फेऱ्या होतात. दोन टेबलांवर एकाच वेळी दोन संघ उतरले तर ३६ पाळ्या पडतात. फेरी अडीच मिनिटांची असली तरी मांडणी, गुणनोंद आणि स्वाक्षरी धरून पाळीस ६ मिनिटे लागतात. एकूण २१६ मिनिटे, म्हणजे ३ तास ३६ मिनिटे झाली. सकाळी साडेदहास प्रारंभ केल्यास जेवणाच्या सुटीसह दुपारी साडेतीनच्या सुमारास फेऱ्या संपतात. मुलाखती याच काळात शेजारच्या खोल्यांतून घ्याव्यात. मात्र कोणत्याही संघाच्या मुलाखतीत आणि फेरीत किमान १५ मिनिटांचे अंतर असावे.

यासाठी मनुष्यबळही मोजून ठेवावे लागते. दोन टेबलांवर प्रत्येकी दोन पंच व एक वेळनोंदणीकार, मुलाखतीसाठी सहा परीक्षक, यंत्रतपासणीस दोघे, गुणसंकलनास दोघे आणि संघांना वेळेवर बोलावण्यास दोघे, असे १८ जण लागतात. हे सारे आदल्या दिवशी एकत्र येऊन एका संघाची रंगीत तालीम घेतील, तर निम्म्या अडचणी तेथेच लक्षात येतील.

परीक्षकांची निवड आणि पूर्वतयारी

परीक्षक विद्वान असला म्हणजे तो चांगला परीक्षक असतोच असे नाही. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९२० साली लष्करी अधिकाऱ्यांनी हाताखालच्या लोकांना दिलेल्या गुणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका गुणविशेषात वरचढ वाटलेल्या माणसास इतर सर्व बाबतींतही चढे गुण दिले जातात, असे त्यात आढळून आले. यंत्रमानव स्पर्धेत याचे प्रत्यंतर नेहमी येते. इस्त्रीचा गणवेश, सफाईदार इंग्रजी आणि चकचकीत फलक यांची छाप पडते आणि तीच छाप रचनेच्या गुणांवरही उतरते. मुलाखत विद्यार्थ्यांना सोयीची वाटेल त्या भाषेत, मराठीत किंवा त्यांच्या घरच्या बोलीतही, देण्याची मुभा असावी. भाषेच्या सफाईस स्वतंत्र गुण ठेवू नयेत.

छापेवरील दुसरा उपाय म्हणजे वर्णनात्मक गुणकोष्टक. 'रचना : १० पैकी' एवढेच लिहिलेला तक्ता परीक्षकाला वाऱ्यावर सोडतो. त्याऐवजी प्रत्येक बाबीच्या चार पायऱ्या शब्दांत लिहाव्यात. उदाहरणार्थ, 'चुकांतून सुधारणा' या बाबीत, चूक कोणती होती हे सांगता येत नाही : १ गुण. चूक सांगता येते, पण कारण सांगता येत नाही : २ गुण. कारण व केलेला बदल सांगता येतो : ३ गुण. बदलापूर्वीच्या व नंतरच्या चाचण्यांची मोजमापे कार्यवहीत दाखविता येतात : ४ गुण. असे कोष्टक हाती असले की विज्ञान शिक्षक, तंत्रनिकेतनातील निदेशक आणि वायरमन अशा निरनिराळ्या क्षेत्रांतील माणसांना एकाच मापाने मोजता येते.

तिसरी अडचण कडक आणि सैल परीक्षकांची. समजा, तीन खोल्यांत प्रत्येकी आठ संघ तपासले गेले. पहिल्या खोलीतील कडक परीक्षकांनी सर्वोत्तम संघास ७२ गुण दिले आणि दुसरीतील उदार परीक्षकांनी सर्वांत कच्च्या संघासही ७५ दिले. हे गुण जसेच्या तसे एकत्र केले तर दुसऱ्या खोलीतील आठही संघ पहिल्या खोलीतील अव्वल संघाच्या वर जातील. यात विद्यार्थ्यांचा काहीच दोष नाही. यावर सोपा उपाय असा की, परीक्षकांची वाटणी संघांनुसार न करता विषयांनुसार करावी. एका जोडीने सर्व २४ संघांची केवळ रचना तपासावी, दुसरीने केवळ आज्ञावली आणि तिसरीने कार्यवही व संघवृत्ती. प्रत्येक भेटीस सात मिनिटे संवाद व तीन मिनिटे नोंद धरली तर २४ संघांना बरोबर ४ तास लागतात. परीक्षक कडक असला तरी तो सर्वांनाच सारखा कडक राहतो. परीक्षक थकतात हा या पद्धतीचा तोटा होय, म्हणून बारा संघांनंतर एक तासाची विश्रांती ठेवावी आणि नंतर पहिल्या दोन संघांचे गुण पुन्हा डोळ्यांखालून घालावेत.

ज्याचे मूल, नातेवाईक किंवा विद्यार्थी स्पर्धेत आहे त्याने परीक्षक होऊ नये. लहान तालुक्यात हे अवघड असते, पण शेजारच्या तालुक्याशी परीक्षकांची अदलाबदल करून ते साधता येते.

यंत्र कोणी बनविले?

पालक, शिक्षक किंवा खासगी शिकवणीवाले यांनी बनविलेले यंत्र विद्यार्थ्यांच्या नावे उतरविणे हा या स्पर्धांना लागलेला मोठा रोग आहे. प्रतिज्ञापत्रे घेऊन तो बरा होत नाही. जागतिक रोबो ऑलिंपियाडमध्ये स्पर्धेच्या वेळी प्रशिक्षकास संघाच्या जागेत मदतीस येता येत नाही आणि ऐनवेळी कामात एखादा अनपेक्षित बदल जाहीर करण्याची पद्धत आहे. फेरीपूर्वी सर्व यंत्रे पंचांच्या ताब्यातील टेबलावर ठेवली जातात.

हाच मार्ग आपल्याकडेही अनुसरता येईल. मुलाखतीत परीक्षकांनी "हे यंत्र डावीकडे वळताना थांबते ते कोणत्या ओळीमुळे?", "हे चाक मोठे लावले तर काय होईल?" असे विचारावे. शेवटी "यंत्र १० सेंटिमीटर आधी थांबेल असा बदल करून दाखवा" असे छोटे काम द्यावे. ज्यांनी स्वतः यंत्र घडविले ते चाचपडत का होईना, बदल कोठे करावयाचा ते दाखवितात. ज्यांना यंत्र तयार मिळाले ते प्रशिक्षकाकडे पाहतात. मार्गदर्शन घेणे हा मात्र दोष मानू नये. "कोणाची मदत घेतली आणि त्यातून काय शिकलात?" या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर देणाऱ्या संघाचे गुण कमी होऊ नयेत, अन्यथा मुले खोटे बोलावयास शिकतील.

तक्रार, निकाल आणि अभिप्राय

प्रत्येक फेरी संपताच पंचाने मैदानावरील वस्तू न हलविता संघासमोर गुणपत्रक भरावे आणि संघप्रमुख विद्यार्थ्याची स्वाक्षरी घ्यावी. शंका असल्यास ती तेथेच, वस्तू जागेवर असतानाच, विद्यार्थ्याने मांडावी. शिक्षक वा पालकांनी नव्हे. निवाडा न पटल्यास अर्ध्या तासात लेखी अपील करता यावे आणि मुख्य पंचाने नियमाचा क्रमांक नमूद करून लेखी उत्तर द्यावे. प्रत्येक फेरीचे गुण लगेच फलकावर लिहिल्यास संशयास वाव राहत नाही.

निकालानंतर प्रत्येक संघास, पारितोषिक मिळो वा न मिळो, त्याचे गुणकोष्टक आणि परीक्षकांच्या दोन ओळी मिळाल्या पाहिजेत. एक ओळ चांगल्या गोष्टीची आणि एक पुढे करावयाच्या सुधारणेची. 'प्रयत्न चांगला' हा अभिप्राय निरुपयोगी आहे. 'तुमचे यंत्र वळणावर रेषा सोडते, कारण संवेदक चाकांच्या फार मागे आहे. तो पुढे घेऊन पाहा' हा अभिप्राय त्या मुलांना पुढील वर्षीच्या स्पर्धेत घेऊन येतो.

सुरक्षितता

लिथियमच्या बॅटऱ्या फुगलेल्या किंवा दुखावलेल्या असतील तर त्या पेट घेऊ शकतात. अशा बॅटऱ्या तपासणीतच बाद कराव्यात. बॅटऱ्या एकाच देखरेखीखालील ठिकाणी, फरशीसारख्या न जळणाऱ्या पृष्ठभागावर भाराव्यात आणि जवळ कोरड्या वाळूची बादली ठेवावी. डाखकाम करताना डोळ्यांवर चष्मा व अंगावर सुती कपडे असावेत. प्रथमोपचार पेटी आणि विजेचा मुख्य खटका कोठे आहे हे सर्व स्वयंसेवकांना ठाऊक असावे.

स्थानिक संस्थांचा वाटा

या कार्यात पंचायतींना मोलाचे साह्य करता येईल. सभागृह, टेबले, पिण्याचे पाणी, मुलींसाठी स्वच्छतागृह आणि वीज गेल्यास जनित्र यांची सोय ही त्यांच्या आवाक्यातील बाब आहे. गावातील सुतार, वायरमन, दुचाकी दुरुस्त करणारा कारागीर यांना शाळेत बोलावून मुलांशी जोडून देणे हेही पंचायत सदस्य करू शकतात. स्पर्धेचे काम गावच्या प्रश्नांतून निवडावे. पाण्याच्या टाकीची पातळी ओळखणे, धान्याची पोती वाहून नेणे, ओला व सुका कचरा वेगळा करणे असे विषय घेतले तर यंत्र पाहावयास आलेल्या शेतकऱ्यासही त्यात गोडी वाटेल. स्थळ दरवर्षी बदलते ठेवल्यास प्रवासाचा भार एकाच भागावर पडणार नाही.

स्पर्धेच्या यशाचे मोजमाप चषकावरून करण्याची सवय आता सोडली पाहिजे. किती शाळा दुसऱ्या वर्षी पुन्हा आल्या, किती संघांनी मागील अभिप्रायाप्रमाणे यंत्र सुधारले, किती मुलींनी स्वतः आज्ञावली लिहिली, आणि किती तक्रारी मैदानावरच मिटल्या, या चार गोष्टींची नोंद आयोजकांनी दरवर्षी ठेवावी. त्या नोंदीच्या आधारे पुढील वर्षीचे नियम सुधारावेत. आपण केले ते तपासून पाहणे व मोजून दुरुस्त करणे हीच वैज्ञानिक वृत्ती होय. ती विद्यार्थ्यांच्या अंगी बाणावी अशी अपेक्षा असेल, तर आयोजकांनी आणि परीक्षकांनी प्रथम स्वतःच्या कामात ती आणली पाहिजे.